यात तू कुठे?

मंडळी, दिवाळीनंतर इथे काही लिहिलंच नाही. डोंबिवलीहून धाकट्या नणंदेचा फोन येऊन गेला, "वहिनी, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नाही, एका विषयात अडकून पडले होते. आणि विषय असा, की सांगितला तर तुम्ही म्हणाल, पंचाहत्तरीला टेकल्यावर हिला हे काय सुचलं! विषय आहे 'लिक्विड ड्रम अँड बास' नावाचं इंग्लंडातलं एक संगीत, आणि माझा दादा. दोघांचा संबंध काय, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल. ती माझी जुनी सवय. शाळेतही पानिपत शिकवायचं असलं की मी शहाजीराजांपासून सुरुवात करायची.

तर सुरुवात झाली घोडबंदर रोडवर. या रस्त्यावर राहणाऱ्यांच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टींची सुरुवात ट्रॅफिकमध्येच होते. वसईला एका लग्नाला निघालो होतो. गाडी नातू चालवत होता. कासारवडवली मागे पडली, ओवळा गेलं, आणि गायमुखच्या घाटाच्या तोंडाशी सगळं थांबलं. पुढे चढावर एक ट्रेलर बंद पडला होता म्हणे. डावीकडे येऊरचा डोंगर, उजवीकडे झाडीआड खाडी, आणि मध्ये आम्ही, लग्नाच्या साड्या नेसून.

नातवाने टेप लावला (आम्ही अजून टेपच म्हणतो). धडाधड ड्रम सुरू झाले. मी म्हटलं, "अरे बंद कर ते, शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतंय." तो म्हणाला, "आजी, तू ड्रम ऐकू नकोस. खालचा बास ऐक. दोनच मिनिटं."

दोन मिनिटं कसली, दोन तास होते आमच्याकडे. ऐकलं. आणि खरंच गंमत होती. वर ड्रम पळत होते, मिनिटाला १७० ते १७५ ठोके या वेगाने. पण खालचा बास मात्र त्याच्या निम्म्या चालीने, जेवणानंतर शतपावली केल्यासारखा चालला होता. त्यावर पियानोसारख्या एका वाद्याचे लांब लांब सोडलेले सूर, आणि मधूनच एखादी बाई दोनच शब्द आळवून गप्प व्हायची. तबला शिकलेल्यांना लगेच कळेल, एक जण ठाय लयीत आणि दुसरा दुगुनीत. किंवा असं समजा, कीर्तनात बुवा संथपणे अभंग आळवतायत आणि पखवाजवाला दुगुनीत शिरलाय. दोघांचं भांडण होत नाही, उलट बुवांचं संथपण अधिकच जाणवतं. या संगीताची सगळी कळ त्यातच आहे असं माझं आपलं मत झालं.

नकळत मी पर्सवर बोटं वाजवायला लागले. नातू हसला, "आजी, तुला ताल जमतो की!" मी म्हटलं, "माझा दादा बोंगो वाजवायचा."

"कोण दादा?"

बावीस वर्षांचा घोडा झालाय, स्वतः कॉम्प्युटरवर गाणी करतो, आणि आपल्या आजीचा सख्खा भाऊ वाजवणारा होता हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? मी कधी सांगितलंच नव्हतं.

तो विषय मी तिथेच टाळला आणि उलट त्यालाच विचारलं, "हे ड्रम वाजवतो कोण?" तो म्हणाला, "कुणीच नाही." मग ट्रेलर हटेपर्यंत त्याने मला जे सांगितलं, ते नंतर मी घरी बसून नीट वाचून काढलं. शिक्षकाला ऐकीव माहितीवर विश्वास ठेवता येत नाही.

१९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' नावाच्या वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. वरच्या बाजूचं 'कलर हिम फादर' हे गाणं गाजलं, त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळालं. मागची बाजू भरायला काहीतरी हवं म्हणून 'आमेन, ब्रदर' नावाची एक शब्दांशिवायची धून वाजवून टाकली. तिच्या मध्यावर बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटाच वाजवतो. चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंदं. तबकडीची मागची बाजू कोण ऐकतो! पण १९८६ साली अशा ड्रमच्या तुकड्यांच्या संग्रहात ती धून पुन्हा छापली गेली आणि तेव्हाच नवीन आलेल्या सँपलर नावाच्या यंत्रावाल्यांच्या हाती लागली. या यंत्रात कुठल्याही तबकडीचा तुकडा साठवायचा आणि हवा तसा कापून, हव्या त्या वेगाने पुन्हा पुन्हा वाजवायचा. कोलमनचा मूळ वेग मिनिटाला १३६ च्या आसपास. लंडनच्या पोरांनी १९९० नंतर तो १६० आणि १७० वर नेला, त्याचे तुकडे करून उलटसुलट जोडले आणि त्यातून 'जंगल' आणि 'ड्रम अँड बास' हे प्रकार निघाले. आजवर हजारो गाण्यांत ती सात सेकंदं वापरली गेली आहेत.

सुरुवातीचं हे संगीत फार आदळआपट करणारं होतं. त्यात जॅझचा ओलावा आणणाऱ्यांत पहिलं नाव एलटीजे ब्युकेम याचं. खरं नाव डॅनियल विल्यमसन. लहानपणी रीतसर पियानो शिकलेला आणि जॅझचा नाद लागलेला. त्याचा 'लॉजिकल प्रोग्रेशन' हा संग्रह १९९६ चा. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलच्या रोनी साइझच्या मंडळींना 'न्यू फॉर्म्स'साठी मर्क्युरी पारितोषिक मिळालं, त्यात हाताने वाजवलेला उभा बास आहे. १९९९ चं मर्क्युरी मिळालं टॅल्विन सिंगच्या 'ओके'ला. लंडनमध्ये वाढलेला आणि पंजाबात येऊन तबला शिकलेला हा मुलगा, त्याने याच पळत्या ड्रमांशेजारी तबला बसवला. 'लिक्विड फंक' हे नाव फॅबियो नावाच्या डीजेने २००० साली रूढ केलं. लिक्विड म्हणजे वाहतं, पातळ. मग बेलफास्टच्या कॅलिबरचा 'म्युझिक काँक्रेट' २००१ चा, कार्डिफच्या हाय कॉन्ट्रास्टचा 'ट्रू कलर्स' २००२ चा. त्याच वर्षी ब्राझीलच्या मार्की आणि एक्सआरएस या जोडीने आपल्याकडच्या एका जुन्या गाण्यातली गिटार उचलून 'एलके' केलं आणि ते ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत जाऊन बसलं. यातलं मी सगळं ऐकलंय असं नाही. कॅलिबर ऐकला. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला बरा वाटतो.

आणि ग्रेगरी कोलमन? त्याला या सात सेकंदांचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली अटलांटा शहरात तो वारला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, ज्याच्या नावावर त्या धुनेचा हक्क होता, त्याला तर १९९६ पर्यंत या सगळ्याचा पत्ताच नव्हता. २०१५ साली इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला २४ हजार पौंड दिले. कोलमनला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कोलमनसाठी म्हणाल तर थोडीफार. खरी झोप उडाली ती "यात तू कुठे?" या तीन शब्दांनी. हे शब्द माझ्या वडिलांचे. ते कधी आणि कुणाला म्हणाले ते सांगते, पण त्याआधी जॅझ आपल्याकडे कसं आलं ते सांगायला हवं, कारण दादाची गोष्ट त्याच्या शेपटाला बांधलेली आहे.

१९३५ च्या अखेरीला लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला असे नामांकित लोक इथे वाजवत राहिले. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही, १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात समोरच्या दाराने शिरता येत नव्हतं, ते ताजमध्ये मानाने वाजवत होते. (त्याच ताजच्या दाराशी आपल्यातल्या किती जणांना जाता येत होतं, ते सोडा.) या बँडांत जागा रिकामी झाली की भरायला माणसं कुठून आणणार? ती गोव्याची मिळाली. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणापासून व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलिपी शिकवत. आमच्या घोडबंदरच्या किल्ल्यातून पोर्तुगिजांना मराठ्यांनी १७३७ साली हाकललं. गोव्यात ते १९६१ पर्यंत राहिले, आणि ही एक गोष्ट मात्र चांगली शिकवून गेले. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड टेडी वेदरफर्डच्या बँडमध्ये बसून जॅझ शिकला. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ इतका शिकला, की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. तोच चिक चॉकलेट. नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा सगळा काळ फार प्रेमाने मांडलाय. पुस्तक इंग्रजीत आहे, मला दोन महिने लागले, पण वाचा.

आता आपला माणूस. पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. जन्म १९१८. नट व्हायला मुंबईला आले, जमलं नाही, मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजवायला राहिले. कान असा, की बेनी गुडमनचा क्लॅरिनेटही त्यात मुरला आणि गावाकडची लावणीही. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी रविवारच्या भेटीचं ते गाणं केलं आणि देशभर धमाल उडवून दिली. मग १९५१ चा 'अलबेला'. भगवानदादा आणि गीता बाली. चिक चॉकलेट अण्णांचा सहायक होता, आणि 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो, झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून. बोंगो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, सगळं त्या सिनेमात आहे. आणि चाली मात्र अशा, की गणपतीच्या मिरवणुकीत आजही बँडवाल्यांना त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणजे बघा, न्यू ऑर्लिन्सचं वारं गोव्याच्या ट्रम्पेटमधून पुणतांब्याच्या चालीत शिरलं आणि दादरच्या रस्त्यावर नाचलं. वर्गात असते तर फळ्यावर बाण काढून दाखवलं असतं.

हे जमायचं कसं? संगीतकार पेटीवर चाल सांगणार. ती कागदावर उतरवून, व्हायोलिनने काय वाजवायचं, ट्रम्पेटने कुठे शिरायचं, हे लिहून काढणारा अरेंजर बहुतेक वेळा गोव्याचा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा होते, ते फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे. १९५० पासून मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या नाचगाण्याला ओहोटी लागली, तेव्हा वादकांचं पोट सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर आलं. 'आशा' सिनेमातलं (१९५७) ते निरर्थक शब्दांचं धमाल गाणं आठवतं ना? त्या निरर्थक शब्दांत 'मला नको' अशा अर्थाचे चक्क कोकणी शब्द दडलेत, ते अण्णांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी घातले असं सांगतात. बिचाऱ्याला नाव लावायला दुसरी जागाच नव्हती!

थट्टा नाही करत. तबकडीच्या गोल कागदावर सिनेमाचं नाव असायचं, संगीतकाराचं, गाणाऱ्याचं. वाजवणाऱ्यांचं नाही. अहो, गाणाऱ्याचंही कधीकधी नसे. १९४९ च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लताबाईंनी पुढे आपलं नाव मिळवलं, त्यांच्यात ती ताकद होती. मागे बसलेल्या वादकांचं काय? अँथनी गोन्साल्विस हे मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला, भारतीय राग पाश्चात्य सिंफनीत बांधायचा प्रयत्न केला. हे किती जणांना ठाऊक आहे? प्यारेलाल त्यांचे शिष्य, म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव आलं. संपूर्ण देशाला ते नाव पाठ झालं, पण अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं म्हणून.

१९६८ ला शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' नावाची तबकडी निघाली. रईस खाँची सतार आणि तिच्याभोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. अकरा राग. नातवाला ऐकवली. तो डोळे मिटून ऐकत राहिला, मग म्हणाला, "आजी, हे लिक्विडच आहे, फक्त हळू." ड्रम कुणी वाजवलेत विचारलं. लेस्ली गोदिन्हो. हे नाव सापडतं, ही मोठीच गोष्ट.

आता दादा.

आम्ही तेव्हा नौपाड्यात चाळीत राहायचो. वडील पोस्टात. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वागळे इस्टेट झाली तेव्हा तिथल्या एका कारखान्यात चिकटला. पण त्याआधीपासून, चार वर्षं, दर रविवारी तो लोकलने धोबीतलावला जायचा. तिथे गोव्याच्या गावागावांच्या खोल्या असतात, त्यांना कूड म्हणतात. गावाहून आलेली पुरुष मंडळी तिथे स्वस्तात राहत. त्यातल्याच एका कुडात एक म्हातारे वादक होते, ते दादाला ड्रम आणि बोंगो शिकवायचे. फी म्हणून दादा आईकडून डिंकाचे लाडू मागून न्यायचा. आईला वाटायचं कारखान्यातल्या मित्रांसाठी.

गणपतीत आणि कोजागिरीला तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. "ब्राह्मणाच्या पोराने चामडं बडवावं आणि वर पैसे घ्यावेत" असं ते बोलायचे. आज लिहितानासुद्धा लाज वाटते, पण बोलायचे हे खरं.

१९६५ साली दादाला एकदा, एकदाच, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बोलावणं आलं. ताडदेवच्या एका स्टुडिओत. कुणीतरी आजारी पडला होता, म्हणून बदली. कारखान्यात खोटं बोलून रजा घेतली. रात्री घरी आला तो हवेतच. पाकिटात रोख पैसे मिळाले होते, ते आईच्या हातावर ठेवले. वडील काही बोलले नाहीत.

चार-पाच महिन्यांनी ते गाणं रेडिओवर लागलं. दादा धावत येऊन म्हणाला, "हेच! हेच ते!" आई पदराला हात पुसत आली. मी चौदा वर्षांची, मी रेडिओला कान लावून बसले. वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. गाणं सुरू होतं. मुखडा झाला, व्हायोलिन झाली, कुठे काही दादासारखं ऐकू येईना. तेव्हा वडील म्हणाले, "यात तू कुठे?"

दादाने बोट वर केलं. "थांबा... आता येईल... हे." आणि बोट खाली आणलं. "गेलं."

अंतऱ्याच्या आधी, दोन आवर्तनं. वडिलांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

१९७३ ला मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी दादा सकाळीच बोंगो घेऊन कल्याणला मावशीकडे निघून गेला. त्याला जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. "थोरले काय करतात?" या प्रश्नाला वडिलांनी "वागळे इस्टेटला असतो" एवढंच उत्तर दिलं, आणि ते खोटं नव्हतं. माझं लग्न ठरलं. पुढे एका गणपतीला दादा माझ्या सासरी आला. आरतीच्या वेळी कुणीतरी त्याच्या हातात ढोलकी दिली. मंडळी, त्या आरतीला त्याने जे वाजवलं ते मी विसरलेले नाही. सगळे संथपणे म्हणतायत आणि हा हळूच दुगुनीत शिरला, पण असा, की म्हणणाऱ्यांची लय तसूभर ढळली नाही. लहान मुलं टाळ्या विसरून त्याच्याकडे बघत राहिली. आरती झाल्यावर सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "छान वाजवतात हो! शिकलेत का कुठे?"

मी म्हटलं, "छे हो, नुसती हौस."

दादा दोन हातांवर उभा होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघून हसला, ढोलकी भिंतीशी टेकवली आणि प्रसाद घ्यायला गेला. १९९६ साली तो गेला. मधल्या वीस-बावीस वर्षांत त्या वाक्याविषयी तो काही बोलला नाही आणि मीही नाही. सासूबाई प्रेमळ होत्या, खरं सांगितलं असतं तर आनंदच झाला असता त्यांना. मग मी तसं का म्हटलं, याचं उत्तर माझ्याकडे वडिलांच्या आवाजात आहे, पण तोंड माझं होतं.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. गायमुखला टाळलेलं, शेवटी दीड महिन्याने, आमच्या बाल्कनीत. त्याने पहिला प्रश्न विचारला, "गाणं कुठलं?"

आणि मंडळी, मला गाणं आठवत नाही. वडिलांचं वाक्य आठवतं, वर्तमानपत्राचा आवाज आठवतो, दादाचं वर केलेलं बोट आठवतं. गाणं नाही. तीस वर्षं विषय काढला नाही, तेवढ्यात ते पुसलं गेलं.

नातू म्हणाला, शोधू. आता असे प्रोग्रॅम निघालेत, की जुन्या गाण्यातला गळा वेगळा काढता येतो, ताल वेगळा, बाकीची वाद्यं वेगळी. साठ वर्षांपूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून रेकॉर्ड केलेलं गाणं कॉम्प्युटर पुन्हा सोडवून देतो, लोकरीचा गुंता सोडवल्यासारखं. अगदी स्वच्छ नाही, मागे गळ्याची सावली राहते. पण बोंगो ऐकू येतात. १९६५ आणि ६६ चे सिनेमे घेऊन आम्ही रोज रात्री दोन गाणी सोडवतो. आत्तापर्यंत ४० झाली. गाणाऱ्यांचा आवाज बंद केला की मागे केवढी गर्दी असते, हे मला या वयात कळतंय. कुणीतरी खोकतंसुद्धा. एका गाण्यात अंतऱ्याच्या आधी दोन आवर्तनं बोंगो सापडले, मी ताठ बसले, पण ते दादाचे नव्हते. कसं कळलं विचाराल, तर दादा दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी एक ठोका नेहमी जरासा मागे ठेवायचा. जेवताना पाटाच्या कडेवरसुद्धा तसंच वाजवायचा. आई ओरडायची.

तर हे लिहिण्याचं कारण असं. कल्याणच्या मावशीकडची मंडळी, नौपाड्याच्या चाळीतली जुनी मंडळी, आणि दादाबरोबर ऑर्केस्ट्रात असलेल्या कुणाची मुलं-नातवंडं हे वाचत असतील तर त्यांनी कृपया आठवून बघावं. १९६५ च्या पावसाळ्यानंतरचं रेकॉर्डिंग, ताडदेव, गाणारी बाई होती हे नक्की, आणि सिनेमा रंगीत नव्हता असं दादा म्हणाल्याचं पुसट आठवतं. दादाने तुमच्यापैकी कुणाला गाण्याचं नाव सांगितलं असेल तर कळवा. फोन केलात तर चारनंतर करा, दुपारी मी झोपलेली असते.